रुग्णसुरक्षेसाठी झटणारे समाजातले कार्यकर्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून सतत येतात. काही जण आपल्या वस्तीतल्या, आपल्या भाषेच्या किंवा आपल्यासारख्या अपंगत्वाच्या रुग्णांसाठी आधीपासून काम करताहेत, तर काही जणांना ते काम सुरू करायचं आहे. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, पुढचे पेचाचे. कायदे देशोदेशी वेगळे असतात, म्हणून नियमाचा उल्लेख आहे तिथे देशाचं नावही दिलं आहे.

१. रुग्णसुरक्षा म्हणजे नक्की काय? चांगले उपचार मिळाले म्हणजे ते सुरक्षितच असतात ना?

दरवेळी नाही. निदान बरोबर असतं, डॉक्टर निष्णात असतात, तरीही सारख्या नावाच्या दोन रुग्णांची अदलाबदल होते. ज्या औषधाची ॲलर्जी आहे तेच टोचलं जातं. ड्यूटी बदलताना एक महत्त्वाचा निरोप पुढे पोचत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली जात नाही आणि पाठीला जखमा होतात. मूळ आजार बाजूला राहिला, उपचार घेताना जी इजा होते ती टाळणं म्हणजे रुग्णसुरक्षा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवा घेणाऱ्या दर १० जणांपैकी सुमारे एकाला अशी इजा होते, आणि असुरक्षित सेवेमुळे जगभरात दरवर्षी ३० लाखांहून अधिक मृत्यू होतात. यातली निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्यासारखी असते. १९९९ साली अमेरिकेतल्या एका अहवालाने तिथल्या रुग्णालयांत चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला. तेव्हापासून या विषयावर उघडपणे बोललं जाऊ लागलं.

२. चूक तर कुणाच्याही बाबतीत होऊ शकते. मग यात वेगवेगळ्या समाजगटांचा प्रश्न कुठून आला?

आमच्या मते सगळ्या विषयाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे. उपचारांची यंत्रं, औषधांचे डोस, तपासणीच्या पद्धती या सगळ्यांमागे कुणीतरी एक ‘नेहमीचा रुग्ण’ गृहीत धरलेला असतो. तुमचा रुग्ण त्या साच्यात बसत नसेल तर सगळं नियमाप्रमाणे होऊनही त्याला इजा होऊ शकते.

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घ्या. तो बोटातून प्रकाश सोडून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतो, आणि त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारं द्रव्य, त्या प्रकाशात अडथळा आणतं. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असल्याचं आढळलं. गोऱ्या रुग्णांत हे ३.६ टक्के वेळा घडलं, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. म्हणजे ज्याला ऑक्सिजन लावायला हवा त्यालाच ‘तब्येत ठीक आहे’ असं सांगितलं जाण्याची शक्यता त्वचेच्या रंगावर ठरत होती.

नवजात बाळाची कावीळ नुसत्या डोळ्यांनी ओळखणं मुळातच बेभरवशाचं असतं. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तर पिवळेपणा आणखी उशिरा लक्षात येतो. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत त्वचा पिवळी करणारं द्रव्य, वाढत राहिलं तर मेंदूला कायमची इजा होते. ते मोजणं मात्र अवघड नाही.

झोल्पिडेम हे झोपेचं औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं. सकाळी गाडी चालवताना गुंगी राहील इतकं औषध रक्तात उरतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने स्त्रियांसाठीचा शिफारस केलेला डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला तो २०१३ साली, औषध बाजारात येऊन वीस वर्षं उलटल्यावर.

या तिन्ही उदाहरणांत कुणाचा हेतू वाईट नव्हता. सरासरी आकडा चांगला दिसत राहिला आणि त्या सरासरीत काही माणसं हरवली. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘यांचं काय?’ असं विचारायला कुणीतरी हजर असावं लागतं.

३. म्हणजे कार्यकर्ता रोज नेमकं काय करतो?

कुणी रुग्णासोबत तपासणीला जातं आणि सांगितलेलं लिहून घेतं. कुणी वस्तीत, प्रार्थनास्थळात, कामगारांच्या बैठकीत औषधं नीट कशी घ्यायची ते समजावतं. कुणी रुग्णालयाच्या समितीत बसून नियम बदलून घेतं. ही तिन्ही कामं एकाच माणसाने करावीत असं मुळीच नाही. पण त्यांच्यात बोलणं चालू राहायला हवं. खाटेजवळ दिसलेली अडचण समितीपर्यंत पोचली नाही, तर ती पुढच्या रुग्णालाही भोवते.

४. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. माझं कोण ऐकणार?

या क्षेत्रातले मोठे बदल ज्यांनी घडवले त्यातले कितीतरी जण वैद्यकीय शिक्षण घेतलेले नव्हते. अमेरिकेतल्या हेलन हॅस्केल यांचा १५ वर्षांचा मुलगा लुइस ब्लॅकमन २००० साली एका नियोजित शस्त्रक्रियेनंतर दगावला. तब्येत ढासळताना आई सतत सांगत होती. पण समोरचा माणूस शिकाऊ आहे की वरिष्ठ, हेच कुटुंबाला कळत नव्हतं. त्यांच्या पाठपुराव्यामुळे साउथ कॅरोलायनात २००५ साली मुलाच्या नावाने कायदा झाला. प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचं पद स्पष्ट असलं पाहिजे आणि रुग्णाला वरिष्ठ डॉक्टरांपर्यंत पोचता आलं पाहिजे, या त्यातल्या तरतुदी.

वाचायला किरकोळ वाटतं. पण कुणाला विचारायचं हेच माहीत नसलेल्या माणसासाठी, विशेषतः नव्या देशात, परक्या भाषेत अडकलेल्यासाठी, छातीवर ठळक लिहिलेलं पद फार मोलाचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ ते २०३० या काळासाठीचं रुग्णसुरक्षा धोरणही रुग्ण आणि कुटुंबांच्या सहभागाला एक मुख्य उद्दिष्ट मानतं. तेव्हा कुणी ‘तुम्हाला यातलं काय कळतं?’ म्हटलं तर गप्प बसू नका. शरीरशास्त्र त्यांना कळतं, या माणसाचं घर, भाषा आणि सवयी तुम्हाला कळतात.

५. रुग्णासोबत खाटेजवळ असताना लक्ष कशावर ठेवू?

सर्वात आधी औषधांची यादी. रुग्ण घेत असलेलं प्रत्येक औषध, त्याचा डोस, वेळ, आणि कशाची ॲलर्जी आहे, हे एका कागदावर लिहा. दाखल होताना, एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवताना आणि डिस्चार्जच्या वेळी हा कागद दाखवा. औषधांच्या बऱ्याचशा चुका याच तीन वेळी होतात. घरगुती औषधांबद्दल १३वा प्रश्न पाहा.

इंजेक्शन देण्याआधी, रक्त चढवण्याआधी नाव विचारलं जातंय ना ते बघा. ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारलं की अर्धवट गुंगीतला, किंवा भाषा न समजणारा माणूस मान डोलावतो. रुग्णाला स्वतःचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगू द्या. बोलता येत नसेल तर मनगटावरची पट्टी वाचायला सांगा.

डिस्चार्जच्या वेळी ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण सगळे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी सिस्टरना म्हणा, ‘त्यांना एकदा त्यांच्या शब्दांत सांगू द्या, घरी गेल्यावर कुठली गोळी कधी घेणार.’ त्यात गडबड झाली तर समजावणं कमी पडलं असं धरायचं, रुग्णाला बोल लावायचा नाही. लहान मुलाचं पातळ औषध असेल तर मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज मागून घ्या आणि त्या खुणेपर्यंत एकदा भरून दाखवायला सांगा. घरातले चमचे लहानमोठे असतात आणि तेवढ्यानेही डोस बराच चुकतो.

शेवटचं: सलाइनची किंवा लघवीची नळी अजून लागणार आहे का, असं रोज एकदा विचारा. गरज नसताना राहिलेल्या नळीतून संसर्ग होतो, आणि ती राहण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

६. रुग्णाची तब्येत ढासळतेय असं आम्हाला दिसतंय, पण कुणी मनावर घेत नाही. काय करावं?

‘त्यांना बरं वाटत नाही’ एवढं म्हणू नका. आधी कसे होते आणि आता कसे आहेत, त्यातला फरक सांगा. उदाहरणार्थ: ‘सिस्टर, काल संध्याकाळी आई स्वतः उठून बसली होती. आज सकाळपासून हाक मारली तर डोळे उघडत नाही, श्वास भरभर चाललाय, सकाळपासून लघवी झालेली नाही. मला काळजी वाटतेय. हे सेप्सिस असेल का? डॉक्टरांनी आत्ता बघावं असं मला वाटतं.’ निरीक्षण, काळजी आणि मागणी, या क्रमाने. (सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था.) कुणाला सांगितलं आणि किती वाजता, ते लिहून ठेवा. तरी हालचाल झाली नाही तर वॉर्डच्या प्रमुख सिस्टर, मग वरिष्ठ डॉक्टर, मग व्यवस्थापन, असं वर जात राहा.

त्वचा काळी किंवा सावळी असेल तर निळेपणा, फिकेपणा चेहऱ्यावर दिसेलच असं नाही. ओठांची आतली बाजू, हिरड्या, जीभ, पापणीची आतली बाजू आणि तळहात बघा, आणि तुम्हाला फरक दिसला तर ‘त्यांचा नेहमीचा रंग असा नाही’ हे स्पष्ट सांगा. तो नेहमीचा रंग घरच्यांनाच माहीत असतो.

काही ठिकाणी कुटुंबाला थेट दुसरं पथक बोलावण्याचा अधिकार आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ‘रायन्स रूल’ आहे. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ साली सेप्सिसने गेली. आईवडिलांच्या शंका गांभीर्याने घेतल्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या मोहिमेनंतर २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला. तुमच्या रुग्णालयात अशी सोय आहे का, हे दाखल होतानाच विचारून ठेवा. आणि सोय असली तरी ती कुठल्या भाषेत लिहून लावली आहे ते बघा. भिंतीवरचा फलक वाचताच येत नसेल तर तो अधिकार त्या कुटुंबापुरता नसल्यासारखाच आहे.

७. घरातलं शाळकरी मूल दोन्ही भाषा छान बोलतं. त्याला दुभाषा म्हणून नेलं तर चालेल ना?

नको. गर्भपात, गाठ, मानसिक आजार, लैंगिक आजार असे विषय मुलाच्या तोंडून बोलायला रुग्ण कचरतो आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट दडून राहते. मूल घाबरलं की वाक्यं गाळतं. आईला कॅन्सर आहे हे तिला सांगण्याची पाळी एखाद्या अकरा वर्षांच्या मुलावर यावी, ही गोष्ट आम्हाला मान्यच नाही.

अमेरिकेत २०१६ च्या केंद्रीय नियमांनी अल्पवयीन मुलांना दुभाषा म्हणून वापरण्यास मनाई केली. अपवाद फक्त जिवावर बेतलेल्या तातडीच्या प्रसंगाचा, तोही जवळ दुसरा योग्य दुभाषा नसेल तेव्हाचा. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी प्रशिक्षित दुभाषा मागा. प्रत्यक्ष नसेल तर फोनवर किंवा व्हिडिओवर. अपॉइंटमेंट घेतानाच भाषा नोंदवायला सांगितली की ऐनवेळची धावपळ टळते. मोठ्या नातेवाइकांचं काय, ते १२व्या प्रश्नात.

८. मोबाइलवरचं भाषांतर ॲप चालेल का?

पाणी हवंय का, शौचालय कुठे आहे, एवढ्यापुरतं चालेल. संमतीपत्र, औषधाचा डोस, निदान आणि डिस्चार्जच्या सूचना यांसाठी त्यावर विसंबू नका. ‘घेऊ नका’ मधला नकार गळला तरी वाक्य वाचायला अगदी नीट वाटतं आणि चूक कुणाच्या ध्यानात येत नाही.

९. आमच्या भावाला बौद्धिक अपंगत्व आहे. काहीही झालं तरी ‘तो तसाच आहे’ म्हणून सोडून देतात. याला काही उपाय आहे का?

हा धोका वैद्यकशास्त्रात ओळखीचा आहे. आधीच्या अपंगत्वाच्या किंवा मानसिक आजाराच्या सावलीत नवा आजार दिसेनासा होतो. डोकं आपटून घेणारा मुलगा दातदुखीने बेजार असतो. अचानक गप्प झालेल्या बाईचं पोट फुगलेलं असतं, आणि नोंद मात्र ‘वर्तनातला बदल’ अशी होते.

एका पानाची ओळख तयार करा. तो एरवी कसा असतो, दुखलं की काय करतो, ‘हो’ आणि ‘नाही’ कसं दाखवतो, कशाने घाबरतो, कुठली औषधं सोसत नाहीत. केसपेपरला ते पहिलं पान म्हणून जोडायला सांगा. मग एकच प्रश्न लावून धरा: ‘हेच लक्षण अपंगत्व नसलेल्या माणसात दिसलं असतं तर तुम्ही कुठली तपासणी केली असती? तीच याची करा.’

इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा ऑटिझम आणि सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेला १८ वर्षांचा मुलगा २०१६ साली दगावला. अँटिसायकोटिक, म्हणजे तीव्र मानसिक आजारावरचं औषध देऊ नका असं त्याने आणि आईवडिलांनी सांगूनही ते दिलं गेलं होतं. आईच्या लढ्यामुळे २०२२ च्या कायद्याने तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण बंधनकारक झालं.

कर्णबधिर रुग्णांबद्दल थोडक्यात: कागदावर लिहून दाखवणं हा सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला पर्याय नाही. अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते, लिखित भाषा दुसरी. आणि हाताला सलाइन लावायची असेल तर ज्या हाताने ते अधिक बोलतात तो मोकळा ठेवायला सांगा.

१०. अपमान झाला, पण इजा झाली नाही. ही रुग्णसुरक्षेची बाब होते का?

होते. माणसाबद्दल आधीच मत बनवलं की त्याची लक्षणं नीट पाहिली जात नाहीत. कॅनडातल्या विनिपेगमध्ये २००८ साली ब्रायन सिंक्लेअर हा ४५ वर्षांचा आदिवासी माणूस लघवीची नळी तुंबल्यामुळे तातडीच्या विभागात आला. दोन्ही पाय गमावलेला तो माणूस चाकाच्या खुर्चीत ३४ तास बसून राहिला आणि बसल्या जागी मरण पावला. त्याच्या आजारावर उपचार होते. काही कर्मचाऱ्यांना तो दारू प्यायलेला वाटला, काहींना नुसता आसऱ्याला आलेला.

कॅनडातल्याच क्युबेकमध्ये २०२० साली अटिकामेक या आदिवासी समाजाच्या जॉइस एशाक्वान यांनी रुग्णालयातून मोबाइलवर थेट प्रक्षेपण केलं. त्यात कर्मचारी त्यांची टिंगल करताना ऐकू येतात. त्याच दिवशी त्या वारल्या. वंशवाद आणि पूर्वग्रहाचा त्यांच्या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी काढला.

म्हणून ‘नुसतं बोलले’ म्हणून सोडून देऊ नका. शिवाय अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी उशिरा येतो, किंवा येतच नाही. नोंद कशी करायची ते पुढच्या प्रश्नात.

११. तक्रार करू, घटनेची नोंद करायला सांगू, की कोर्टात जाऊ?

या तीन निराळ्या वाटा आहेत. तुम्हाला काय हवंय त्यावर वाट ठरते.

पुन्हा कुणाच्या बाबतीत असं होऊ नये एवढीच इच्छा असेल तर रुग्णालयाच्या सुरक्षा विभागात घटनेची नोंद करायला सांगा. इजा होता होता टळली असेल तरी, किंबहुना तेव्हा तर नक्कीच, कारण सगळे शांतपणे बोलू शकतात ती हीच वेळ. उत्तर, स्पष्टीकरण किंवा माफी हवी असेल तर लेखी तक्रार. नुकसानभरपाई हवी असेल तर वकील, आणि तेही लवकर, कारण दाव्यांना मुदत असते आणि ती निघून गेली की काही करता येत नाही. एक वाट धरली म्हणून दुसरी आपोआप बंद होतेच असं नाही, पण हे तुमच्या देशातल्या जाणकाराकडून तपासून घ्या.

वाट कुठलीही असो, त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, वेळ, वॉर्ड, कोण काय म्हणालं, कोण साक्षीला होतं. जे पाहिलं आणि ऐकलं ते एका बाजूला, तुमचा अंदाज दुसऱ्या बाजूला. फाइलच्या प्रती मागून घ्या. उपचार अजून चालू असतील आणि ‘तक्रार केली तर राग काढतील’ अशी भीती असेल, तर रुग्णाची इच्छा विचारा. ही भीती खरी आहे, तिला खोटं ठरवू नका. तातडीचा धोका असेल तेवढ्यापुरतं आत्ता बोला, बाकीचं डिस्चार्जनंतर लिहा.

१२. घरचे म्हणतात, ‘आजाराचं नाव रुग्णाला सांगू नका’. मी मध्ये दुभाषा म्हणून बसले आहे. मी काय करू?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा पेच. दुभाष्याच्या खुर्चीत बसलात की जे बोललं जाईल ते सगळं, दोन्ही बाजूंना, न गाळता पोचवायचं. घरच्यांचं ‘हे तिला सांगू नका’ हे वाक्यसुद्धा त्यात आलं. हे नियम बोलणं सुरू होण्याआधीच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे नंतर कुणाला दगा झाल्यासारखं वाटत नाही. मोठे नातेवाईक दुभाषे म्हणून नकोत ते याचसाठी. प्रेमापोटीच ते वाक्यं मऊ करतात, आणि रुग्ण शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करतो ती भलत्याच समजुतीने.

याला एक खरा अपवाद आहे. काही रुग्णांना स्वतःलाच सगळं ऐकायचं नसतं. तोही त्यांचा हक्क आहे. डॉक्टरांना सुचवा की त्यांनी रुग्णाला एकांतात विचारावं, ‘तुमच्या तब्येतीबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? तुमच्या वतीने कुणाशी बोलू?’ रुग्णाने मुलाचं नाव घेतलं तर मुलाशी बोलणं योग्यच. फक्त तो निर्णय रुग्णाचा असावा आणि तो केसपेपरवर लिहिलेला असावा.

१३. लोक घरगुती किंवा जडीबुटीची औषधं घेतात, पण डॉक्टर ओरडतील म्हणून सांगत नाहीत. आम्ही सांगायचं का?

रुग्णाला सांगायला प्रवृत्त करा, आणि का ते समजावा. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचं उदाहरण कामी येतं. उदासपणावर घेतली जाणारी ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्या, रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं वॉरफेरिन आणि शरीराने बसवलेला अवयव नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम कमी करते. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून न सांगितलेल्या गोष्टीने बसवलेला अवयव धोक्यात येऊ शकतो. दुसरीकडे डॉक्टरांनाही हे सांगणं तुमचं काम आहे की ‘असलं काही घेत नाही ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. ‘याशिवाय तब्येतीसाठी आणखी काय काय घेता?’ असं विचारलं की लोक मोकळे होतात.

१४. रुग्णाची फाइल मला दाखवतील का? मला कळलेलं मी कुणाला सांगू शकतो?

रुग्णाने लेखी परवानगी दिली तरच, आणि परवानगीत लिहिलंय तेवढंच. कळलेलं बाहेर सांगायचं नाही, समाजाच्या पुढाऱ्यांनाही नाही, रुग्णाच्या नवऱ्याला किंवा सासूलाही नाही. छोट्या समाजात नाव न घेताही माणूस ओळखू येतो: ‘त्या गल्लीतली, जुळी झालेली बाई’ म्हटलं की संपलं. सभेत उदाहरण द्यायचं तर रुग्णाला आधी विचारा आणि तपशील बदला. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका किंवा मुलावर अत्याचाराचा संशय, अशा वेळी मात्र गप्प राहता येत नाही. कुठे कळवायचं ते आधीच माहीत करून ठेवा.

१५. आम्हाला समितीवर घेतलंय, पण नुसतं तोंडदेखलं वाटतं. राहायचं की सोडायचं?

थोडं तपासून बघा. कागद बैठकीच्या आधी मिळतात का? निर्णय होण्यापूर्वी विचारतात की छापून झाल्यावर दाखवतात? दुभाषा, प्रवासखर्च, मानधन मिळतं का? बाकी सगळे पगारी वेळेत बसलेले आणि तुम्ही दिवसाची मजुरी बुडवून आलेले, ही परिस्थिती आम्हाला अन्यायाची वाटते आणि ती बोलून दाखवण्यात काही गैर नाही. एकट्याने जाऊ नका, किमान दोघं असा. आणि एकच माणूस अख्ख्या समाजाच्या वतीने बोलू शकत नाही हे स्वतःही लक्षात ठेवा. तुमच्याच गटातल्या म्हाताऱ्या बायका, तृतीयपंथी व्यक्ती, कागदपत्रं नसलेले स्थलांतरित यांना तुमच्यापेक्षा वेगळं काही सोसावं लागत असेल.

मागणी एका ओळीत मांडता येईल अशी आणा: ‘पडून झालेल्या इजा, औषधांच्या चुका आणि पुन्हा दाखल होण्याचे आकडे भाषेनुसार, लिंगानुसार, अपंगत्वानुसार वेगळे करून दाखवा.’ वर्षभरात यातलं काहीच हललं नाही तर कारण लेखी देऊन बाहेर पडा.

१६. ‘तुमच्या समाजाचे आकडेच नाहीत’ असं उत्तर मिळतं. मग?

आकडे नसणं म्हणजे अडचण नसणं नव्हे. रुग्णालय भाषा किंवा अपंगत्व नोंदवतच नसेल तर तिथूनच सुरुवात करायला सांगा. ती नोंद रुग्णाला विचारून व्हावी, चेहऱ्यावरून अंदाज बांधून नव्हे, आणि ही माहिती कशासाठी घेताय ते सांगून. ज्यांना हद्दपारीची भीती आहे ते उगाच उत्तर देणार नाहीत. गट फार छोटा असेल तर आकडा छापल्याने माणूस ओळखू येतो, तेव्हा काही वर्षांचे आकडे एकत्र करायला सांगा. तोवर घटना लिहून ठेवा. एकाच प्रकारच्या पाचसहा घटना, तारखांसह समोर ठेवल्या की त्या योगायोग म्हणून उडवून लावता येत नाहीत.

१७. ज्याच्याकडून चूक झाली त्याला शिक्षा व्हावी यासाठी आम्ही लढायचं ना?

हेतुपुरस्सर त्रास दिला असेल, नशेत काम केलं असेल, नोंदी बदलल्या असतील, तर अवश्य. एरवी आधी हे शोधा की तीच चूक दुसऱ्या कुणाकडूनही झाली असती का. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी चीजच्या चकत्यांचं चित्र वापरलं: प्रत्येक संरक्षक थराला भोकं असतात आणि ती एका रेषेत आली की अपघात होतो. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण चुकून थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. सिस्टरना कितीही बजावलं तरी थकलेला हात चुकणार. अनेक रुग्णालयांनी त्याच्या बाटल्या वॉर्डातून हलवल्या आणि तो मार्गच बंद केला. एका सिस्टरला काढून टाकलं असतं तर बाटली कपाटातच राहिली असती.

वंशवादी किंवा जातिवाचक वागणुकीला मात्र ‘यंत्रणेचा दोष’ म्हणून पांघरूण घालू देऊ नका. तिथे माणसाची जबाबदारी आणि यंत्रणेची जबाबदारी दोन्ही मागा.

१८. रुग्णालय चूक कबूलच करत नाही. माफी मागितली तर खटला होईल असं म्हणतात. हे खरं आहे का?

ही भीती सरसकट खरी नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी चूक झाली की ती उघड सांगायची, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची अशी पद्धत सुरू केली, तेव्हा दावे वाढले नाहीत, कमी झाले. इंग्लंडमध्ये २०१४ पासून गंभीर इजा झाल्यास रुग्णाला ते सांगणं संस्थांना कायद्यानेच बंधनकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या रुग्णसुरक्षा हक्कांच्या सनदेत १० हक्क आहेत. म्हणणं ऐकलं जाण्याचा आणि न्याय्य तोडगा मिळण्याचा हक्क त्यात आहे. बैठकीला जाताना ती सनद छापून न्या. बैठक घरच्यांच्या भाषेत व्हावी आणि दुभाषा तटस्थ असावा, ही अट घाला (७वा प्रश्न).

१९. १७ सप्टेंबरला काय असतं?

जागतिक रुग्णसुरक्षा दिन, २०१९ पासून. त्या दिवशी इमारतींवर केशरी प्रकाश टाकतात आणि दरवर्षी वेगळा विषय असतो. २०२३ चा विषय रुग्णांचा सहभाग होता, २०२४ चा अचूक निदानाचा. रुग्णालयांचे प्रमुख त्या आठवड्यात भेटायला सहज तयार होतात. तेव्हा १५व्या प्रश्नातली मागणी नेमकी त्याच वेळी पुढे करा.

२०. रुग्णाने मलाच विचारलं, ‘ही गोळी घेऊ की नको?’ तर काय सांगू?

गोळी घ्या किंवा बंद करा, यातलं काहीही सांगू नका, तुम्हाला उत्तर ठाऊक असलं तरी. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून माणूस ते लगेच ऐकेल, आणि त्याच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट तुम्ही पाहिलेला नसतो. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहरा सुजणं, श्वास लागणं, चक्कर येऊन पडणं असं काही होत असेल तर पुढची गोळी घेण्याआधी, तिथल्या तिथे तातडीच्या सेवेला फोन करायचा. तसं नसेल तर रुग्णाच्या शेजारी बसून डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टना फोन लावा, स्पीकर चालू ठेवा आणि प्रश्न रुग्णालाच विचारू द्या. उत्तर समजलं का हे ५व्या प्रश्नातल्या पद्धतीने तपासा आणि मग पाकिटावर, रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत किंवा सूर्य-चंद्राच्या खुणांनी लिहून द्या.